एका पैसाठी जागणारे मूर्ख

मूर्खांची यादी करणे हे आपल्याकडचे जुने काम आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिलाच समास मूर्खलक्षणांना दिला आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खालाही सोडले नाही. तिकडे युरोपात इरॅस्मसने १५११ साली छापलेल्या ग्रंथात मूर्खपणालाच व्यासपीठावर उभे केले आणि स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडून करायला लावली. मला एका वेगळ्या जातीच्या मूर्खाची स्तुती करायची आहे आणि ती मनापासून करायची आहे. ज्या चुकीबद्दल कोणी तक्रार केलेली नाही, जी आज सापडली नाही तरी उद्या कोणाचे अडणार नाही आणि सापडली तरी कोणी हार घालणार नाही, ती चूक शोधत बसणारा हा मूर्ख. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला त्याचा पत्ता लांब शोधावा लागत नाही. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर ओलांडून दौलताबादला पोचले की झाले.

सोळाव्या शतकात दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा, हा किल्ला निजामशाहीत होता आणि जनार्दनस्वामी तिथे अधिकारावर होते. पैठणहून आलेला एकनाथ नावाचा मुलगा त्यांच्यापाशी शिकत होता, सेवा करत होता आणि हिशेबही लिहीत होता. परंपरा सांगते की एकदा जमाखर्चाचा मेळ बसेना. फरक एका पैचा. नाथ दिवा लावून बसले, रात्रभर वह्या उलटत राहिले आणि पहाटेच्या सुमारास ती पै सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, त्यांनी कारण विचारले. पुढचे आपण सगळ्यांनी शाळेत आणि कीर्तनात ऐकलेले आहे: एका पैची चूक सापडल्यावर इतका आनंद, तर संसाराची चूक उमगल्यावर किती होईल!

कीर्तनकार पैवरून लगेच परमार्थाकडे वळतात. त्यांचे ते कामच आहे. पण मला त्या टाळीपाशीच थांबावेसे वाटते. कारण व्यवहाराच्या तराजूत घातली तर ती रात्र साफ तोट्याची होती. रात्रभर जळलेल्या तेलाचे दामच पैहून जास्त झाले असतील. सकाळी गडावर कोणी ती पै मागायला येणार नव्हते. शहाण्या कारकुनाने पदरची एक पै टाकून मेळ जमवला असता आणि गाढ झोप काढली असती. वही दिसायला स्वच्छ झाली असती, वरिष्ठही खूश झाले असते. फक्त त्या दिवसापासून वहीत एकाऐवजी दोन चुका राहिल्या असत्या: एक मूळची आणि दुसरी ती झाकणारी. पहिली निदान ओरडत तरी होती. दुसरीने तिचे तोंड बंद केले असते. नाथांनी पैपेक्षा मोठी गोष्ट वाचवली ती ही. जुळलेला ताळा म्हणजे बरोबर हिशेब नव्हे, एवढे ज्याला कळले तोच न जुळलेल्या ताळ्यापाशी रात्र काढू शकतो.

आता ज्या चुकीमुळे हे सगळे लिहावेसे वाटले, तिच्याकडे येतो. ती एका डेटाबेसमधली आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून १९८६ साली सुरू झाला. १९९६ पासून तो पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने चालतो. त्याचा सोर्स कोड खुला आहे, तो वापरायला पैसे लागत नाहीत आणि तो एका कोणत्या कंपनीच्या मालकीचा नाही. बँका, रुग्णालये, सरकारी यंत्रणा, तिकीट काढायची संकेतस्थळे यांच्या पोटात तो जगभर बसलेला असतो. वापरणाऱ्याला त्याचे नावही माहीत नसते.

या डेटाबेसचा स्वभाव जुन्या रोजकीर्दीसारखा आहे. त्याला खाडाखोड चालत नाही. पतसंस्थेच्या खातेदाराची शिल्लक ५,००० वरून ४,५०० झाली, तर ५,००० ची ओळ तो पुसत नाही. ती आता जुनी झाली अशी खूण करतो आणि ४,५०० ची नवी ओळ दुसरीकडे लिहितो. त्याच क्षणी कोणी जुना अहवाल काढत असेल, तर त्याला जुनी ओळ दिसते. नंतर येणाऱ्याला नवी दिसते आणि दोघांनाही एकमेकांसाठी थांबावे लागत नाही. सोय मोठी आहे, पण तिची किंमत द्यावी लागते. मेलेल्या ओळी साचत जातात. त्या उचलायला व्हॅक्यूम नावाचा सफाई कामगार ठेवलेला असतो. २००५ पासून तो आपोआप फिरण्याची सोय मूळ डेटाबेसमध्येच आली.

व्हॅक्यूमकडे झाडलोटीखेरीज आणखी एक काम असते आणि तेच जास्त जोखमीचे आहे. माहिती बदलणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला डेटाबेस एक क्रमांक देतो आणि प्रत्येक ओळीवर तिला जन्म देणाऱ्या व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवतो. हा क्रमांक ३२ बिटांचा आहे. म्हणजे सुमारे ४२९ कोटी क्रमांक झाले की मोजणी पुन्हा सुरुवातीपासून होते. क्रमांक वर्तुळात फिरत असल्यामुळे डेटाबेस असे मानतो की चालू क्रमांकाच्या मागचे २१४ कोटी हे भूतकाळातले आणि पुढचे २१४ कोटी भविष्यातले. एखादी ओळ फार जुनी झाली आणि तिच्यानंतर २१४ कोटींहून अधिक व्यवहार झाले, तर ती अचानक भविष्यात जाऊन पडते. भविष्यातली ओळ कोणालाच दिसत नाही. ती डिस्कवर असते, पण विचारले तर डेटाबेस म्हणतो, अशी नोंदच नाही. हे होऊ नये म्हणून व्हॅक्यूम जुन्या ओळी ‘गोठवतो’, म्हणजे ही ओळ कायमची भूतकाळातली अशी खूण त्यांच्यावर करतो. गोठवून झाले की तो त्या ओळींच्या तक्त्याच्या (टेबलच्या) नावापुढे एक आकडा लिहितो: या क्रमांकाच्या मागची न गोठवलेली एकही ओळ इथे उरलेली नाही. त्या आकड्याचे नाव रेलफ्रोझनएक्सआयडी. बोलायला अवघड आहे, पण या लेखातली पै ती हीच.

चूक होती त्या आवृत्त्यांत तो आकडा पुढे सरकवण्याचा अधिकार व्हॅक्यूमला कधी होता? तक्त्याचे प्रत्येक पान त्याने स्वतः पाहिले असेल तेव्हाच. एरवी वेळ वाचावा म्हणून तो काही पाने सोडून देतो. ज्या पानांवर काही बदल झालेला नाही याची त्याच्याकडे वेगळी नोंद असते. सफाईपुरते हे ठीक आहे. पण सोडलेल्या पानांवर जुन्या, न गोठवलेल्या ओळी असू शकतात, त्यामुळे अशा फेरीनंतर ‘सगळे पाहिले’ असे लिहिता येत नाही.

चूक इथे होती. समजा तक्त्याची पाने १,०००. व्हॅक्यूमने त्यांतली १०० सोडली आणि ९०० पाहिली. पाहताना त्याला दिसले की शेवटची १०० पाने पूर्ण रिकामी आहेत, म्हणून त्याने ती कापून जागा परत केली. तक्ता ९०० पानांचा झाला. मग त्याने हिशेब तपासला: पाहिलेली पाने ९००, तक्त्याची पाने ९००, म्हणजे सगळी पाहिली. आकडा पुढे सरकवला, सही केली आणि निघून गेला. मधली न पाहिलेली १०० पाने जिथल्या तिथे होती. बेरीज करण्यात काही चुकले नव्हते. फक्त फेरी सुरू होतानाची पाने मोजायच्या ऐवजी कापाकापीनंतरची पाने मोजली होती. ताळा चोख जुळत होता आणि हिशेब खोटा होता.

ही चूक २०११ मध्ये आत आली आणि दोन वर्षांहून अधिक काळ कोणाच्या लक्षात आली नाही. लक्षात येणार तरी कशी? एका खोट्या नोंदीने लगेच काही होत नाही. साधारणपणे २० कोटी व्यवहार झाले की डेटाबेस स्वतःच प्रत्येक तक्त्याची पूर्ण फेरी घ्यायला लावतो आणि ती फेरी नीट झाली तर मागचे पाप धुऊन निघते. नुकसान व्हायचे असेल तर आकडा पुन्हा पुन्हा खोटा सरकत राहून ती पूर्ण फेरी लांबत जायला हवी, तीही २१४ कोटी व्यवहारांपर्यंत. सेकंदाला १०० व्यवहार करणाऱ्या डेटाबेसला तिथे पोचायला सुमारे २४८ दिवस लागतात आणि सेकंदाला १० करणाऱ्याला जवळजवळ ७ वर्षे. इतक्या काळानंतर एखाद्या जुन्या खात्याच्या चार ओळी दिसेनाशा झाल्या तर कोण कोणावर संशय घेणार? कारकुनावर घेतील, खातेदारावर घेतील. सफाई कामगाराच्या बेरजेवर कोणी घेणार नाही.

आणखी एक गोष्ट या चुकीला भयंकर करते. क्रमांक संपत आल्याची धोक्याची घंटा याच आकड्यावरून वाजते. आकडा खरा असेल आणि गोठवणी मागे पडली असेल, तर डेटाबेस आधी इशारे देतो आणि शेवटी नवे व्यवहार घ्यायला सरळ नकार देतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मँड्रिल या ईमेल पाठवणाऱ्या सेवेच्या एका डेटाबेसला असाच नकार मिळाला आणि दीड दिवसाहून जास्त काळ सेवा विस्कळीत झाली. ग्राहक चिडले, माफी मागावी लागली. पण तिथे वही खरी होती, म्हणूनच डेटाबेसने वेळेवर दार लावून घेतले. खोट्या वहीत दार उघडेच राहते, घंटा वाजत नाही आणि ओळी एकेक करून बाहेर जातात. पदरची पै टाकणारा शहाणा कारकून हाच.

ही चूक दुरुस्त करणाऱ्याचे नाव दुरुस्त आवृत्तीच्या प्रकाशित टिपणात आहे: आंद्रेस फ्रॉइंड. दुरुस्ती ५ डिसेंबर २०१३ रोजी ९.३.२ या आवृत्तीत आणि त्याच दिवशी मागच्या चार शाखांतही आली. दुरुस्तीचा गाभा काय होता? तुलनेची ओळ उचलून कापाकापीच्या आधी ठेवणे. शेजारी एक टीपही लिहिली गेली की ही तपासणी तक्ता छाटण्याच्या आधीच करायला हवी, कारण छाटल्यावर पानांची संख्या बदलते. ते टिपण मला विशेष आवडते ते त्याच्या प्रामाणिकपणासाठी. माहिती गमावण्याची शक्यता बरीच कमी आहे, पण शून्य नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. आणि नवी आवृत्ती बसवल्यावर सगळ्या तक्त्यांची पूर्ण फेरी कशी करून घ्यायची, हेही सांगितले आहे.

शहाण्या माणसाने यातले काहीच केले नसते. त्याने विचारले असते: कोणाची तक्रार आहे का? नाही. कोणाची माहिती गेल्याचे सिद्ध झाले आहे का? नाही. ग्राहक यासाठी जास्त पैसे देणार आहे का? नाही. मग चालत्या गाड्याला खीळ कशाला? हे प्रश्न चुकीचे आहेत असे मला म्हणता येत नाही. ते फक्त अशा माणसाचे आहेत ज्याला ताळा जुळल्यावर झोप लागते. असे काम करणारे सगळेच फुकटात राबतात असेही नाही. त्यांच्यातल्या अनेकांना कंपन्या पगार देतात. पण पगाराने माणूस टेबलापाशी बसवता येतो. ९०० बरोबर ९०० हे दिसत असताना ‘कुठले ९००?’ असे विचारायला कोणाला पगारावर लावता येत नाही.

हा मूर्खपणा एकदाच होऊन थांबत नाही, ती सवय असते. याच फ्रॉइंड यांना मार्च २०२४ मध्ये आपल्या संगणकावर पोस्टग्रेसच्या वेगाची चाचणी घेताना दिसले की एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद. आपण चहाचा कप खाली ठेवायला त्याहून जास्त वेळ घेतो. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले आणि एक्सझेड नावाच्या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनापर्यंत पोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदार पेरून ठेवले होते. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. त्या आवृत्त्या तोवर लिनक्सच्या बहुतेक स्थिर वितरणांत पोचल्या नव्हत्या. आणखी काही महिने गेले असते तर जगभरच्या असंख्य सर्व्हरचे कुलूप एका अज्ञात माणसाच्या किल्लीने उघडले असते. अर्ध्या सेकंदाची पै आणि पानांच्या मोजणीतली पै, दोन्हींमागे एकच माणूस जागा होता, हा मला योगायोग वाटत नाही.

आपल्या देशातही ही जात आहे. भारतीय अभियंते पवन देवलसी यांनी पोस्टग्रेसच्या ८.३ या २००८ च्या आवृत्तीत हॉट नावाची सुधारणा आणली. मेलेल्या ओळींची जागा व्हॅक्यूमची वाट न पाहता त्याच पानावर, जाता जाता मोकळी करून घेण्याची ती युक्ती आजही रोज काम करते. पुढे ते वॉर्म नावाच्या आणखी महत्त्वाकांक्षी बदलावर राबत होते. त्याची कठोर चाचणी घेताना त्यांना इंडेक्समध्ये, म्हणजे ओळी चटकन शोधण्याच्या सूचीत, विसंगती दिसली. बहुतेकांनी आपल्याच नव्या कामात खोट आहे असे धरून आपलेच काम ठाकठीक केले असते. देवलसींनी खणून पाहिले तेव्हा चूक जुन्या, सगळ्यांनी विश्वास टाकलेल्या भागात निघाली: तक्त्यातले बदल न थांबवता इंडेक्स बांधला, तर त्याच वेळी बदललेल्या काही ओळी त्यात चुकीच्या नोंदल्या जाऊ शकत होत्या. फेब्रुवारी २०१७ च्या दुरुस्त आवृत्त्यांच्या टिपणात पोस्टग्रेसवरच काम करणाऱ्या टॉम लेन यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. वॉर्म मात्र कधीच स्वीकारले गेले नाही. स्वतःचे मोठे काम बाहेर राहिले आणि दुसऱ्यांच्या जुन्या घराची भिंत दुरुस्त झाली. बायोडेटात हे कसे मांडायचे हे कोणत्याही सल्लागाराला सांगता येणार नाही. माझ्या लेखी तो त्यांच्या कारकिर्दीतला मानाचा प्रसंग आहे.

पुन्हा नाथांकडे येतो, कारण त्यांची सवयही एका पैवर थांबली नव्हती. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली जात राहिली आणि प्रत्येक उतरवणाऱ्याच्या हातून थोडे काही गळले, थोडे काही भरले गेले. पोथ्या चालत होत्या, लोक त्या वाचत होते, पारायणे होत होती, कोणाची तक्रार नव्हती. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती गोळा केल्या, पाठ ताडून पाहिले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढच्यांना बजावलेही की यात आपल्या पदरची ओवी घालू नका. ज्याने हिशेबात पदरची पै घातली नाही, तो ग्रंथात पदरची ओवी कशी चालवून घेईल? ते स्वतः भागवताच्या अकराव्या स्कंधावर हजारो ओव्या लिहिणारे कवी होते. त्यांना आपली ओवी सरस करून तिथे बसवता आली असती. त्यांनी दुसऱ्याच्या मजकुरातली चूक काढली आणि तो मजकूर त्याचा त्याला परत दिला. मुक्त स्रोताच्या जगात आज जे उत्तम काम होते, त्याचे वर्णन मला याहून नेमके करता येत नाही. आणि ते पैठणात झाले होते, आपल्या शहरापासून तासाभराच्या रस्त्यावर.

म्हणून या शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी एक मागणी आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत वाचनालयाची प्रणाली, हॉस्टेलची प्रणाली, हजेरीची प्रणाली पुन्हा पुन्हा नव्याने लिहिली जाते. परीक्षा झाली की ती सीडीत किंवा पेन ड्राइव्हवर झोपी जाते. त्याऐवजी एखाद्या विद्यार्थिनीने वर्षभर चालू डेटाबेसमधली एकच छोटी चूक समजून घेतली, ती पुन्हा घडवून दाखवली आणि तिच्या दुरुस्तीच्या चार ओळी पाठवल्या, तर तो प्रकल्प धरा. ‘एवढेच?’ असे विचारू नका. ती चूक कुठल्या गृहीतकातून आली आणि इतकी वर्षे का दिसली नाही, एवढे तिने सांगितले तर तिला पूर्ण गुण द्या. आणि पालकांनो, घरातले कोणी रात्री दोन वाजता दिवा लावून असल्या पैच्या मागे लागलेले दिसले, तर पॅकेज किती मिळेल ते विचारण्यासाठी सकाळपर्यंत थांबा.

विद्यार्थ्यांना सांगायचे ते थोडे आहे. व्हॅक्यूमचा सगळा कोड सी भाषेत आहे, भरपूर टिपांसह लिहिलेला आहे आणि कोणालाही उतरवून घेता येतो. पोस्टग्रेसमध्ये आलेले बदल तपासण्यासाठी दरवर्षी कमिटफेस्ट नावाच्या फेऱ्या होतात. तिथे दुसऱ्याचा पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, चालवून पाहणाऱ्या, त्यातली खोट दाखवणाऱ्या माणसांची कायम टंचाई असते. त्यासाठी फी नाही, पदवीची अट नाही आणि पुण्याला जावे लागत नाही.